हा कितवा? रुग्णालयात रेझिस्टंट जंतूंवर नजर कशी ठेवायची

काही वर्षांपूर्वी, ऐन आषाढात, मी तेव्हा काम करत होते त्या रुग्णालयाच्या आयसीयूतून फोन आला. "डॉक्टर, आणखी एक क्लेब्सिएला. मेरोपेनेमलाही रेझिस्टंट." म्हणजे क्लेब्सिएला नावाचा जंतू, ज्याच्यावर मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिकही चालत नाही. मी सहज विचारलं, "या महिन्यातला कितवा?" पलीकडे सिस्टर गप्प. खरं तर ते मलाच ठाऊक असायला हवं होतं, रिपोर्ट माझ्याच सहीने जात होते. रजिस्टर उघडून बसले तर एकाच रुग्णाचं नाव चार जागी चार तऱ्हांनी लिहिलेलं, दोन नोंदींपुढे वॉर्डच नाही. संध्याकाळी सहाला एक आकडा हाती लागला. तो चुकीचा होता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

'हा कितवा' आणि 'कितींपैकी', या दोन प्रश्नांना कधीही, कुणीही विचारलं तरी खरं उत्तर देता येणं म्हणजे सर्व्हेलन्स. यंत्रं, सॉफ्टवेअर, समित्या हे सगळं त्यानंतर. गोव्यात किंवा पलीकडे सिंधुदुर्गात एखाद्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये, वॉर्डात किंवा इन्फेक्शन कंट्रोलच्या कामावर तुम्ही नुकते रुजू झाला असाल, तर काम कुठून धरायचं ते सांगते. रुग्णालय हजार खाटांचं असो की चाळीस, रीत तीच.

पहिली पायरी: थोडंच मोजायचं, पण सोडायचं नाही

नवीन माणूस उत्साहात सगळे जंतू आणि सगळी औषधं मोजायला घेतो आणि तिसऱ्या महिन्यात दमतो. सुरुवातीला रक्त आणि लघवी एवढे दोनच नमुने धरा. जंतू सहा-सात पुरेत: ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्टॅफ ऑरियस, एन्टरोकोकस आणि टायफॉइडचा साल्मोनेला. देशपातळीवर राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं लॅबांचं जे जाळं आहे तेही साधारण याच मंडळींवर नजर ठेवतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं वेगळं जाळं 2013 पासून चालू आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं 'ग्लास' हे जगभरचं जाळं 2015 मध्ये सुरू झालं आणि रेझिस्टन्सवरचा आपला पहिला राष्ट्रीय कृती आराखडा 2017 चा. हे सगळं वाचायचं तेव्हा वाचा. तुमच्या खाटांवरचा आकडा त्यात सापडणार नाही, तो तुम्हालाच काढावा लागेल.

ओळखीची नावं एवढी असू द्या. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनच्या जातकुळीला दाद न देणारा स्टॅफ. ईएसबीएल म्हणजे सेफ्ट्रियाक्झोनसारखी औषधं मोडून टाकणारं एन्झाइम. एनडीएम त्याहून पुढचं, मेरोपेनेम-इमिपेनेमही मोडणारं. त्या नावात 'नवी दिल्ली' आल्यावरून 2010 मध्ये बराच वाद झाला होता. नाव कुणाचंही असो, ते एन्झाइम आता सगळीकडे आहे.

दुसरी पायरी: नमुना

अर्ध्याहून अधिक चुका इथे होतात, आणि लॅब कितीही चांगली असली तरी त्या मागाहून सुधारत नाहीत.

रक्ताचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) अ‍ॅण्टिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यायचं. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी रात्री दोनला आलेल्या रुग्णाच्या बाबतीत आधी इंजेक्शन जातं आणि सकाळी राउंडला कुणी विचारलं की मग बाटली निघते. मोठ्या माणसाचे दोन सेट घ्या, दोन वेगवेगळ्या जागांहून, आणि दर बाटलीत आठ ते दहा मिली रक्त. तीन मिली घालून पाठवलेली बाटली निगेटिव्ह आली तर तिच्यावरून काही ठरवता येत नाही. क्लोरहेक्झिडिन-स्पिरिटने त्वचा तीस सेकंद घासायची आणि वाळू द्यायची. वाळू देणं हा सगळ्यात जास्त वगळला जाणारा भाग, पावसाळ्यात तर जास्तच. बाटलीचं रबरी झाकणही पुसायचं. आणि ती बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. मी फ्रिजच्या दारात, ताकाच्या पाकिटाशेजारी ठेवलेली बाटली पाहिली आहे. तो फ्रिज वॉर्डात का होता हा आणखी वेगळा विषय.

लघवीचं नेमकं उलट. दोन तासांत लॅबमध्ये पोचत नसेल तर ती फ्रिजमध्येच ठेवायची, चार अंशांवर, जास्तीत जास्त चोवीस तास. कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) पिशवीतून नमुना घ्यायचा नाही. पिशवीत जंतू रात्रभर वाढलेले असतात, त्यांचा रुग्णाच्या आजाराशी संबंध असेलच असं नाही. थुंकीत लाळच जास्त असेल तर परत पाठवा. सूक्ष्मदर्शकाच्या लहान भिंगाखाली एका क्षेत्रात पूपेशी 25 हून जास्त आणि तोंडाच्या अस्तरपेशी 10 हून कमी, हा जुना आणि चांगला निकष आहे. परत पाठवलेल्या नमुन्यावरून वॉर्डातून रागाने फोन येतील. ते घ्यायची सवय ठेवा.

आता खरी मेख. नमुना कुणाचा घेतला जातो? बऱ्याच ठिकाणी कल्चर फक्त औषध लागू न पडलेल्या रुग्णाचं पाठवतात. खेड्यातून साधा मूत्रमार्गाचा त्रास घेऊन आलेली बाई गोळ्या घेऊन बरी होते, तिचा जंतू लॅबपर्यंत पोचतच नाही. मग वर्षअखेरीला तुमचा तक्ता सांगतो की ई. कोलाय सगळ्यालाच रेझिस्टंट. खरं तर तुम्ही फक्त हट्टी जंतूच मोजलेले असतात. तो तक्ता पाहून ओपीडीतला डॉक्टर साध्या त्रासालाही भारी औषध लिहायला लागतो, आणि पुढच्या वर्षी तक्ता खरा ठरतो. म्हणून वॉर्डाशी आधी बोलून ठरवा: ताप आणि सेप्सिसचा संशय असलेल्या प्रत्येकाचं रक्त पहिल्याच दिवशी. निदान एका वॉर्डात तरी हे काटेकोर पाळा. एका वॉर्डाचा सरळ आकडा दहा वॉर्डांच्या वाकड्या आकड्यांपेक्षा कामाचा.

रुग्णाला आधी काय दिलं गेलं हेही विचारा, आणि त्याच्या भाषेत विचारा. 'अँटिबायोटिक घेतलं का?' याला 'नाही' असंच उत्तर येतं. "खंयचें वखद घेतलां?" (कुठलं औषध घेतलंय?) म्हटलं की पदरातून, खिशातून स्ट्रिपा निघतात. औषध नियमांच्या अनुसूची एच-1 मधली औषधं (भारी अँटिबायोटिक त्यात येतात) 2014 पासून चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते, असा नियम आहे. खिशातली अर्धी वापरलेली स्ट्रिप नियम वाचत नाही.

तिसरी पायरी: प्लेट

जंतू प्लेटवर पसरून त्यावर औषधाच्या डिस्क (छोट्या चकत्या) ठेवतात; औषध चालत असेल तर डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसतं. हे काम तुम्हाला टेक्निशियन दाखवतील, मी फक्त घसरायच्या जागा सांगते. म्युलर-हिंटन आगरची (प्लेटमधल्या, जंतू वाढवायच्या थराची) जाडी चार मिलिमीटर. प्लेट जाड झाली तर वर्तुळं लहान येतात आणि चांगला जंतू रेझिस्टंट दिसतो. जंतूंचं द्रावण 0.5 मॅकफारलंड (हे गढूळपणाचं माप) इतकंच गढूळ, आणि ते पंधरा मिनिटांत प्लेटवर. इन्क्युबेटर 35 अंश, 16 ते 18 तास. जूनमध्ये वीज जाते-येते तेव्हा इन्क्युबेटर रात्री किती तास बंद होता हे सकाळी कुणालाच माहीत नसतं. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आत ठेवा, स्वस्त मिळतो. डिस्कच्या कुप्या फ्रिजमधून काढून लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आपल्या हवेत थंड कुपी उघडली की डिस्कवर दव धरतं आणि औषध खराब होतं.

आठवड्यातून एकदा तरी ठरलेले कंट्रोल जंतू (ज्यांची वर्तुळं किती यायला हवीत ते आधीच माहीत असतं) लावायचेच: ई. कोलाय 25922, स्यूडोमोनास 27853, स्टॅफ 25923. त्यांची वर्तुळं मर्यादेबाहेर गेली तर त्या दिवशीचे रुग्णांचे रिपोर्ट थांबवा. हे म्हणायला सोपं आहे. सर्जन दारात उभा असताना रिपोर्ट थांबवायला धीर लागतो.

दोन औषधं डिस्कने तपासूच नका: स्टॅफसाठी व्हॅन्कोमायसिन आणि कोणासाठीही कोलिस्टिन. दोन्हींचे रेणू मोठे, आगरमध्ये नीट पसरत नाहीत. व्हॅन्कोमायसिनची एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) काढावी लागते, कोलिस्टिनसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषध पातळ करत तपासणं). सोय नसेल तर नमुना पुढे पाठवा, अंदाजाने 'सेन्सिटिव्ह' (औषध लागू पडतं) लिहू नका.

चौथी पायरी: नोंद

वर्तुळ मोजलं की मिलिमीटर लिहा. नुसतं 'एस' (सेन्सिटिव्ह) किंवा 'आर' (रेझिस्टंट) नको. कारण सांगते. कुठलं वर्तुळ कशात धरायचं हे ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेचे निकष दर वर्षी सुधारून निघतात. सिप्रोफ्लोक्सासिनचे आतड्यातल्या जंतूंसाठीचे निकष 2019 मध्ये बदलले. आधी 21 मिलिमीटरचं वर्तुळ 'सेन्सिटिव्ह' होतं, आता तेच 'रेझिस्टंट' आहे. तुम्ही फक्त अक्षर लिहिलं असेल तर एका वर्षात रेझिस्टन्स उडी मारून वर गेलेला दिसेल, आणि कुणीतरी त्यावर सादरीकरणही करेल. मिलिमीटर लिहिलेले असतील तर जुना डेटा नव्या निकषाने पुन्हा चाळता येतो.

नोंदीसाठी हूनेट वापरा. जागतिक आरोग्य संघटनेचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. व्हायटेकसारखं जंतू तपासणारं यंत्र असेल तर त्यातला डेटा बॅकलिंक नावाचं जोडसॉफ्टवेअर हूनेटमध्ये आणून देतं. सुरुवातीला प्रत्येक वॉर्डाला एकच कोड ठरवून कागद भिंतीला लावा. नाहीतर 'एमआयसीयू', 'मेड आयसीयू' आणि 'आयसीयू-1' असे एकाच खोलीचे तीन वॉर्ड तयार होतात.

रुग्ण ओळखायचा तो केसपेपरच्या नंबराने, नावाने नाही. आपल्याकडे तर नावाचा भरवसा मुळीच नाही. एकच आडनाव नायक, नाईक आणि पोर्तुगीज वळणाचं तिसरं, अशा तीन प्रकारांनी येतं. फर्नांडिस एका वॉर्डात पाच असतात.

पुढची नोंद गोव्यात विशेष महत्त्वाची: रुग्ण आला कुठून आणि भरती कधी झाला. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ, कारवारहून माणसं येतात, त्यातली कित्येक आधी दुसऱ्या रुग्णालयात चार दिवस काढून. भरती होऊन दोन दिवस उलटल्यावर घेतलेल्या नमुन्यातला जंतू साधारणपणे रुग्णालयातला धरतात, त्याआधीचा समाजातला. पण दुसऱ्या रुग्णालयातून बदलून आलेल्याचा पहिल्या दिवशीचा जंतू 'समाजातला' म्हणून मोजलात तर खेड्यापाड्यांवर उगाच आळ येईल. म्हणून 'बदलून आला का?' हा एक रकाना वाढवा. परदेशी पर्यटकांचंही तसंच. त्यांनी मागच्या काही महिन्यांत कुठे ऑपरेशन करून घेतलंय का ते विचारून लिहून ठेवा.

पाचवी पायरी: आकडे चाळणं

वर्षाचा तक्ता, म्हणजे कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो ते दाखवणारा अँटिबायोग्राम, काढण्याआधी डेटा चाळावा लागतो. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि माझी सगळ्यात आवडती.

पहिली चाळण: एका रुग्णाचा एक जंतू एकदाच. त्या वर्षातला पहिला धरायचा, पुढचे सोडायचे. समजा क्लेब्सिएलाच्या 40 नोंदी आहेत आणि 22 मेरोपेनेमला रेझिस्टंट. म्हणजे 55 टक्के. नीट पाहता कळतं की त्यातल्या 11 नोंदी एकाच आजोबांच्या, दोन महिने व्हेंटिलेटरवर होते, दर चार-पाच दिवसांनी कल्चर जात होतं आणि सगळी रेझिस्टंट. त्यांना एकदाच धरा. उरल्या 30 नोंदी, रेझिस्टंट 12. झाले 40 टक्के. जंतू तेच, वॉर्ड तोच, पण आता आकडा एका माणसाचा नसून वॉर्डाचा झाला.

दुसरी: 30 पेक्षा कमी नोंदी असतील तर टक्केवारी छापू नका. सातांपैकी पाच म्हणजे 71 टक्के असं लिहिलं की ते खरंच काहीतरी मोठं वाटतं. लहान रुग्णालयांनी दोन वर्षं एकत्र करावीत, तसं खाली लिहून.

तिसरी: भरती होताना गुदमार्गाचा स्वॅब घेऊन केलेली तपासणी वेगळी ठेवा. ती शोधण्यासाठी केलेली असते, आजारपणासाठी नाही. दोन्ही मिसळलं की तक्ता बिघडला.

चौथी आणि खरी मजेची: अशक्य गोष्टी शोधा. क्लेब्सिएला अँपिसिलिनला जन्मतःच रेझिस्टंट असतो. तुमच्या यादीत 'सेन्सिटिव्ह' दिसला तर जंतू चुकीचा ओळखला गेलाय किंवा बोट चुकीच्या कळीवर पडलंय. प्रोटियस कोलिस्टिनला सेन्सिटिव्ह? शक्य नाही. एन्टरोकोकससमोर सेफ्ट्रियाक्झोनचा रिपोर्ट? तो तपासायलाच नको होता. सेफ्ट्रियाक्झोनला सेन्सिटिव्ह पण मेरोपेनेमला रेझिस्टंट असा ई. कोलाय? दुसऱ्यांदा लावून बघा. टायफॉइडच्या साल्मोनेलावर जेंटामायसिनचं वर्तुळ छान मोठं येतं, पण रुग्णावर ते काम करत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये देतच नाहीत. या चाळणीत सापडलेल्या चुका एका वहीत लिहून ठेवा. कोणत्या शिफ्टला, कोणत्या कोडला वारंवार घोळ होतो ते महिनाभरात दिसतं, आणि ते कुणाला ओरडण्यासाठी वापरायचं नाही.

आपल्या किनारपट्टीवरच्या माणसांनी एक जास्तीचं ध्यानात ठेवावं. पावसाळ्यात मधुमेही रुग्ण, शेतात किंवा मातीत काम करणारा, ताप, न्यूमोनिया किंवा यकृत-प्लीहेत गळवं, आणि कल्चरमध्ये 'स्यूडोमोनास स्पीशीज'. तो जंतू जेंटामायसिनला आणि कोलिस्टिनला रेझिस्टंट पण को-अमॉक्सिक्लॅव्हला सेन्सिटिव्ह निघाला तर थांबा. खरा स्यूडोमोनास असा कधी वागत नाही. तो बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई हा मातीतला जंतू असू शकतो, म्हणजे मेलिऑइडोसिस हा आजार. उडुपी-मंगळूरच्या पट्ट्यात तो चांगला परिचयाचा आहे आणि आपली माती-पाऊस काही वेगळे नाहीत. त्याचे उपचार महिनोन् महिने चालतात. प्लेट लगेच सेफ्टी कॅबिनेटमध्ये न्या, हुंगून बघायची जुनी सवय असेल तर ती इथे मोडा. हे डिस्कच्या आकड्यांवरून ओळखता येतं, म्हणूनच इथे सांगितलं.

सहावी पायरी: खाटेशी जाऊन मोजणं

लॅबच्या आकड्यांत भाजक नसतो. नळ्यांमुळे होणारे संसर्ग मोजायचे तर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) किती रुग्णांना होती, कॅथेटर किती, व्हेंटिलेटर किती, हे रोज ठरलेल्या एकाच वेळी मोजावं लागतं. 240 लाइन-दिवसांत (रोजच्या लाइनच्या आकड्यांची बेरीज) दोन संसर्ग म्हणजे हजारी 8.3. ही मोजणी सिस्टर करतात, लॅब नाही. म्हणून त्यांना आकडा परत दाखवा, नाहीतर दोन महिन्यांत रकाने एकाच शाईने एकाच दिवशी भरलेले मिळतील. चवथीच्या आठवड्यात वॉर्ड निम्मे रिकामे होतात, नमुनेही कमी येतात. तेव्हा 'संसर्ग घटले' असं म्हणण्याआधी भाजक बघा.

एकाच वॉर्डात आठवड्यात एकाच जंतूचे, एकाच तऱ्हेच्या रेझिस्टन्सचे दोन-तीन रुग्ण दिसले तर तक्त्याची वाट बघू नका, त्याच दिवशी उठून जा. एक कागद घ्या: खाट क्रमांक, भरतीची तारीख, पहिल्या पॉझिटिव्हची तारीख, कोणत्या नळ्या, कोणतं ऑपरेशन, कोणती ड्रेसिंग ट्रॉली. बहुतेक वेळा धागा त्या कागदावरच दिसतो. माझ्या त्या आषाढातल्या क्लेब्सिएलांचा धागा सक्शनच्या पाण्याच्या एका सामाईक बाटलीपाशी निघाला. ती आम्ही रोज बघत होतो. भिंती, पडदे, एसी सगळ्यांचे स्वॅब घेत सुटू नका. काहीतरी उगवणारच, आणि त्याचं काय करायचं ते कुणालाच कळणार नाही. आधी कागद, मग नेमक्या जागेचा स्वॅब. आणि तोवर हात. हँडरबचा पंप रिकामा आहे का ते स्वतः दाबून बघा.

उद्रेकातले जंतू टाकून देऊ नका. ग्लिसरॉलमध्ये घालून उणे 70-80 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. पुढे जनुकीय तपासणी करायची वेळ आली तर लॅबचा खरा पुरावा तोच.

शेवटची पायरी: आकडा वॉर्डात परत

अँटिबायोग्राम एका पानाचा हवा. आयसीयू वेगळा, वॉर्ड वेगळा, ओपीडी वेगळी. तिन्ही एकत्र केले तर आयसीयूतल्या जंतूंची भीती ओपीडीतल्या चिठ्ठीवर उतरते. लघवी आणि रक्तही वेगळं. 'अ‍ॅक्सेस', 'वॉच', 'रिझर्व्ह' या जागतिक वर्गवारीप्रमाणे औषधांना हिरवा, पिवळा, लाल रंग दिला तर रात्रपाळीचा इंटर्नही नीट वाचतो. इन्फेक्शन कंट्रोल समितीच्या बैठकीत तीनच गोष्टी मांडा: काय वाढलं, कुठे, आणि आपण काय बदलायचं. दहा मिनिटांहून जास्त बोलू नका, चहा येण्याआधी संपवा.

मग ते पान लॅमिनेट करून डॉक्टर उभ्याने चिठ्ठी लिहितात त्या टेबलावर लावा. बेसिनशेजारी नको, तिथे ओलं होतं. लॅमिनेट न करता लावलंत तर जुलैपर्यंत बुरशी धरेल आणि मग ती कोणती बुरशी हे विचारायला तुम्हालाच बोलावतील.